उलटा त्रिकोण

मुकुंदवाडीत सारजाबाईबद्दल दोन गोष्टी बोलतात. एक, पन्नाशीला टेकलेली बाई लायसन काढायला निघाली. दुसरी, ती परीक्षेत नापास झाली. पहिली खरी. दुसरी मालनबाईनं सकाळी नळावर जन्माला घातली आणि संध्याकाळपर्यंत तिला पाय फुटले.

झालं ते असं. सारजाबाईचा कृष्णा भाजीची लोडिंग रिक्षा चालवायचा. एक दिवस बॅटरी बसली म्हणून मोटारसायकलवर लासूर स्टेशनच्या बाजाराला निघाला आणि फाट्यावर ट्रकखाली गेला. रिक्षा दारात शाबूत राहिली.

"आई, इकून टाकू," सून दिपाली म्हणाली. "दारात बघवत नाय मला."

"पोराचा हात लागल्याली गाडी दुसऱ्याच्या दारात मला बघवायची नाय. मी चालवीन."

दिपालीनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "लायसन काढा, लासूरच्या बाजारापर्यंत नेऊन दाखवा. नाय जमलं तर सर्जेराव इकत न्यायला तयारच हाय."

बहिणीचा मुलगा रामप्रसाद ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. तो रंगीत तक्ता घेऊन ओट्यावर बसला. बाई चौथी शिकलेली, पण मेंढरांमागं वाढलेली, नजर तिखट. भोंगा, शाळेची पोरं, घसरता रस्ता, सगळं पटापट ओळखलं. गुरांच्या चित्रावर मात्र "इथं गुरं चारायला मुभा हाय" म्हणाली.

"अन् हे, मावशी?" लाल काठाचा, उलटा त्रिकोण.

"दोन पुरे."

रामप्रसाद इतका हसला की बशीतला चहा मांडीवर सांडला. बिचारीची तरी काय चूक? गंगापूरच्या दवाखान्याच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा असाच लाल त्रिकोण होता. कृष्णा आणि पाठची लेक झाल्यावर ती त्याच भिंतीखालून ऑपरेशनला गेली होती. सासू दारात आडवी आली होती, "एक डोळा डोळा नव्हे, एक ल्योक ल्योक नव्हे." ही हट्टानं म्हणाली होती, दोन पुरे. तीस वर्षं त्या हट्टाचा तिला तोरा होता. आता सासू हयात नाही, पण वाक्य आहे.

"नियोजनाचा नाय ह्यो," रामप्रसाद डोळे पुसत म्हणाला. "रस्ता द्या, असा अर्थ. बारक्या रस्त्यानं मोठ्याला लागताना थांबायचं. आधी त्यांना जाऊ द्यायचं, मग आपण."

"असा कुठं लावत्यात?"

"फाट्या-फाट्यावर. लासूरच्या…" त्यानं जीभ चावली. आत दिपालीच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

परीक्षेत त्रिकोण आलाच. सारजाबाईनं पडद्याकडं बराच वेळ पाहिलं आणि 'रस्ता द्या'वर बोट ठेवलं. पास झाली. शिकाऊ लायसन हातात आलं, रिक्षाला लाल 'एल' चिकटला. महिनाभर रामप्रसादनं मैदानात फिरवली. हात चांगला बसला.

मग बाजाराचा दिवस. फाट्यापर्यंत गाडी लोण्यासारखी आली. तिथं गवतात त्रिकोणाची पाटी होती, धुळीनं माखलेली. सारजाबाईनं ब्रेक दाबला. ट्रक गेला. टँकर गेला. उसाचा ट्रॅक्टर डुलत गेला.

"मोकळं झालं, मावशी. चला."

"त्यो बघ, यायलाय."

"लई लांब हाय त्यो."

"येऊ दे. जाऊ दे त्याला."

मागं हॉर्न लागले. एकानं मान बाहेर काढली, "अम्मा, सोनाच है तो घर कू जाव ना."

तिचं लक्ष पाटीवर होतं. "कृष्णाला तूच शिकवलं व्हतंस का रे हे?"

रामप्रसाद म्हणाला, "त्याचं लायसन एजंटानं परस्पर करून दिलं व्हतं, मावशी. त्यानं तक्ता बघितलाच नाय."

सारजाबाईनं गाडी बंद केली. किल्ली त्याच्या हातात दिली आणि उतरून पलीकडं जाऊन बसली. "फिरव माघारी."

रविवारी सर्जेराव रिक्षा घेऊन गेला. दिपालीनं दार लावून घेतलं. सारजाबाई मात्र गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी होती.

दुसऱ्या दिवशी नळावर मालनबाईनं खडा टाकून पाहिला, "परीक्षेत दोन पुरे म्हणालीस म्हणं? म्हणून नापास केलं?"

"व्हय," सारजाबाई म्हणाली. पाण्याचा नंबर तिचाच होता. घागर उचलून ती बाजूला सरकली. "भर तू आधी. जा."