लॉजवर आलेले हुशार टीव्ही

शिर्डीत लॉज चालवणाऱ्याला गिऱ्हाइकांकडून काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते मी लग्न होऊन इथे आल्यापासून काउंटरमागे बसून ऐकते आहे. पाणी गरम नाही, पाणी फारच गरम आहे, उशी उंच आहे, खिडकीतून मंदिराचा कळस दिसत नाही. माझ्या नवऱ्याला यातल्या कशाचंच काही वाटत नसे. तो मान डोलवायचा, "बघतो" म्हणायचा आणि बघायचा नाही. पण मागच्या वर्षी कुणीतरी आमच्या लॉजबद्दल इंटरनेटवर लिहिलं, की खोल्या स्वच्छ आहेत, माणसं चांगली आहेत, टीव्ही मात्र म्युझियममध्ये ठेवण्यासारखे आहेत. स्वच्छ खोल्या आणि चांगली माणसं त्याच्या नजरेतून निसटली. म्युझियम तेवढं मनात रुतून बसलं.

टीव्ही जुने होते हे खरंच. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला रबर. लाल बटण दाबलं की टीव्ही लागायचा, आकडा दाबला की चॅनल लागायचा. दर्शनाच्या रांगेतून पाय दुखवून आलेला माणूस पलंगावर आडवा व्हायचा, थोडा वेळ बातम्या बघायचा आणि घोरायला लागायचा. टीव्ही कसा लावायचा हे विचारायला इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला खालून बोलावलं नव्हतं.

नवरा नगरला एका टीव्हीच्या दुकानात गेला आणि मलाही घेऊन गेला. निर्णय दोघांनी मिळून घेतला असं नंतर म्हणता यावं, म्हणून. दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच पोपट बसलेला होता. त्याचं पीस न् पीस दिसत होतं. मग पोपट गेला, धबधबा आला. धबधब्यानंतर कुणीतरी स्ट्रॉबेरी चिरली. नवरा हरखून बघत राहिला. शिर्डीला आलेली माणसं खोलीत बसून पोपट कशाला बघतील, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून मी गप्प बसले.

दुकानदार गोड माणूस होता. म्हणाला, "शेठ, आता बटणं दाबायचे दिवस गेले. आता फक्त बोलायचं. टीव्ही ऐकतो."

"मराठी ऐकतो का?" मी विचारलं.

"वहिनी, सगळ्या भाषा ऐकतो."

त्याने रिमोट तोंडाजवळ नेला आणि इंग्रजीत धबधबा मागितला. टीव्हीने धबधबा दाखवला. तो आधीपासूनच चालू होता, हे माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही.

आठवडाभरात सगळ्या खोल्यांत नवे टीव्ही लागले. प्रत्येकाच्या पाठीमागे अंगठ्याएवढी एक कांडी खुपसलेली. सगळी करामत त्या कांडीतच आहे, असं दुकानदाराने सांगितलं. केबलवाल्याला नवऱ्याने त्याच दिवशी नमस्कार केला. केबलवाला जाताना म्हणाला, "काही लागलं तर फोन करा." नवरा हसला. काही लागणारच नव्हतं.

पहिली गंमत अशी झाली की टीव्ही लावल्यावर प्रत्येकाने आधी विचारलं, तुम्ही कोण? ईमेल द्या, पासवर्ड द्या. आमच्या जुन्या टीव्हीने आमची कधी चौकशी केली नव्हती. नवऱ्याने सगळ्या टीव्हींना आपलाच एक ईमेल दिला आणि खाली येऊन "झालं" म्हणाला. संध्याकाळी तिसऱ्या खोलीतून फोन आला. एकाच वेळी एवढ्या लोकांना बघता येणार नाही, असं टीव्ही सांगतो आहे. खालच्या खोलीतल्या कुटुंबाने टीव्ही बंद केला, तेव्हा वरच्यांचा सुरू झाला. मग खालचे चिडले. मी काउंटरवर बसून लहान पोरांची भांडणं सोडवावीत तशी टीव्हीची पाळी लावत होते. तुम्ही जेवायला जाणार आहात ना? मग तेवढ्यात त्यांना बघू द्या.

यावर उपाय म्हणून नवऱ्याने गिऱ्हाइकांना आपापलं खातं वापरायला सांगायचं ठरवलं. त्यातून दुसरी गंमत झाली. लोक आपलं खातं उघडायचे, बघायचे आणि तसंच सोडून निघून जायचे. एकदा दुपारी एका गृहस्थाचा फोन आला. महिन्यापूर्वी सहकुटुंब येऊन राहून गेले होते. आवाज दबका होता.

"मॅडम, तुमच्या खोलीत माझ्या नावावर कोण भुताचे सिनेमे बघतंय?"

मी म्हटलं, "आता तिथे वेगळे पाहुणे आहेत."

"ते तुम्ही माझ्या बायकोला सांगाल का? तिच्या मोबाईलवर दिसतंय, शिर्डीत टीव्ही चालू आहे म्हणून. मी कालपासून कामासाठी बाहेरगावी आहे. ती म्हणते, तुम्ही शिर्डीत आहात आणि एकटे नाही."

मी त्या बाईशी बोलले. खरं तेच सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला असं बोलायला त्यांनीच सांगितलं असेल." त्या संसाराचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

माझंही सुख गेलं ते गेलंच. काउंटरवरच्या छोट्या टीव्हीवर संध्याकाळी मी एक मालिका बघायचे. फार थोर मालिका नव्हती. तिच्यातली सासू वर्षभर एकाच जिन्यावरून खाली येत होती. पण माझी होती. नव्या टीव्हीवर ती शोधायलाच मला दोन संध्याकाळी लागल्या. सापडली तेव्हा जाहिराती सुरू झाल्या. जाहिराती संपल्या आणि टीव्ही म्हणाला, पुढचा भाग बघायचा असेल तर सदस्य व्हा. "अहो, हा पैसे मागतोय," मी नवऱ्याला सांगितलं. "आणि पैसे दिल्यावर जाहिराती जातात का, तेही विचारा." त्याने वाचून बघितलं. जाहिराती कमी होणार होत्या. जाणार नव्हत्या.

बोलण्याबद्दल तर विचारूच नका. नवऱ्याने रिमोट तोंडाशी धरून मोठ्या तोऱ्यात "बातम्या लाव" म्हटलं. टीव्हीने बटाट्याच्या भाज्या दाखवल्या. त्याने शब्द तोडून तोडून पुन्हा म्हटलं. टीव्हीने बटाटेवडे दाखवले. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "शेठ, जरा पुण्यासारखं बोला." माझा नवरा जन्मभर कधी पुण्यासारखं बोललेला नाही.

तरीही त्याचा विश्वास उडाला नव्हता. तो उडाला नवऱ्याची आत्या आली तेव्हा.

आत्याबाई कर्जतकडच्या एका खेड्यात राहतात. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी जास्त उभं राहायला मनाई केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकांच्या खुर्चीवरून दर्शनाला न्यायचं ठरलं होतं, पण संध्याकाळच्या आरतीला गर्दीत कसं नेणार? नवऱ्याचे डोळे चमकले. त्याने आत्याबाईंना चांगली खोली दिली, पाठीला दोन उशा लावल्या, एसी लावला, खिडकी घट्ट बंद केली आणि रिमोट त्यांच्या हातात दिला.

"आत्या, तू फक्त बोल. आरती इथेच बसून बघायची. एकदम समोर."

"मी कुनाशी बोलू?"

"टीव्हीशी. म्हण, आरती लाव."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीच्या पडद्याकडे बघितलं. मग त्यांनी पदर सावरला आणि देवाशी बोलावं तशा अदबीने म्हणाल्या, "आरती लाव रं बाबा."

टीव्हीवर एक मुलगी आली. नाव आरती. ती केसांच्या वेण्या कशा घालायच्या ते दाखवत होती.

"ही कोन?" आत्याबाईंनी विचारलं.

नवऱ्याने घाईघाईने रिमोट काढून घेतला आणि एक-एक अक्षर निवडत मंदिराचं थेट प्रक्षेपण शोधायला लागला. बाहेर उन्हं उतरली होती. शेवटी सापडलं. त्याने बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. काळ्यावर पांढरी अक्षरं आली. अपडेट होत आहे. कृपया बंद करू नका. खाली एक पट्टी, अर्धीसुद्धा न भरलेली.

"काय झालं ह्याला?"

"काही नाही आत्या, तो स्वतःला सुधारतोय."

"आत्ताच?" आत्याबाई म्हणाल्या. "दिवसभर काय करत हुता?"

आम्ही तिघं ती पट्टी बघत बसलो. पट्टी थोडी सरकायची आणि थांबायची. नवरा तिच्याशी मनातल्या मनात बोलत असावा, कारण त्याचे ओठ हलत होते. एसीच्या घरघरीत मला बाहेरून काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. मी उठले आणि खिडकी उघडली. लाऊडस्पीकरवरून आरती स्पष्ट ऐकू येत होती. निम्मी तरी झाली असेल. आत्याबाईंनी हात जोडले आणि डोळे मिटून टाळ्या वाजवायला लागल्या. नवरा म्हणाला, "खिडकी लाव, टीव्ही येतोय." मी लावली नाही.

टीव्ही आला. आधी त्याने भाषा विचारली. मग पानभर अटी दाखवल्या आणि मान्य आहे का ते विचारलं. नवऱ्याने सगळं मान्य केलं. मग खरंच चित्र आलं, चांगलं स्वच्छ. फुलांचा एक-एक हार दिसत होता. फक्त बाहेर जे म्हणून झालं होतं, ते टीव्ही आता म्हणत होता. खिडकीतली आरती पुढे आणि टीव्हीतली मागे, अशा दोन आरत्या खोलीत चालू झाल्या. आत्याबाईंची टाळी चुकली. त्यांनी डोळे उघडले.

"ह्यातली खरी कोन्ती?"

"दोन्ही खऱ्या आहेत, आत्या. टीव्हीची जरा मागून येते."

"मग बंद कर त्याला. मधी मधी बोलतोय."

नवऱ्याने टीव्ही बंद केला. हे बटण मात्र पहिल्या दाबात लागू पडलं. उरलेली आरती आत्याबाईंनी खिडकीकडे तोंड करून ऐकली. पिशवीतली खडीसाखर प्रसाद म्हणून वाटताना त्या प्रेमाने म्हणाल्या, "लई चांगली खोली दिलीस रं. वारं बी येतंय." नवऱ्याने एसीसुद्धा बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली आणि तिने विचारलं, टीव्ही बंद करून पुन्हा चालू केला का? तो म्हणाला, केला. तिने विचारलं, प्लग काढून केला का? त्याने प्लग काढला. तिने तक्रार सुटल्याची नोंद केली आणि फोन बंद झाल्यावर मोबाईलवर मेसेज आला, आमच्या सेवेला किती तारे द्याल? मग एक तंत्रज्ञ आला. त्याने दोन मिनिटं बघून सांगितलं की टीव्ही उत्तम आहे, तुमचं इंटरनेट रद्दी आहे. इंटरनेटवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, इंटरनेट पळतंय नुसतं, पण ही कांडीच जुनी झाली.

"जुनी?" नवरा ओरडलाच. "खोक्यावर धूळसुद्धा बसलेली नाही अजून!"

दुकानदाराने फोनवर इंटरनेटवाल्याला दुजोरा दिला. या मॉडेलला आता पुढे अपडेट यायचे नाहीत, शेठ. नवीन आलंय, त्याचा वेग डबल आहे. गेल्या काही महिन्यांत ज्या अपडेटला माझ्या नवऱ्याने येता-जाता शिव्या घातल्या होत्या, तो यापुढे येणार नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा घरातलं माणूस गेल्यासारखा झाला.

मी केबलवाल्याला फोन केला. तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. निम्म्या खोल्यांत त्याने केबल पुन्हा जोडून दिली, त्याच नव्या टीव्हींना. आता खोली देताना मी विचारते, केबलची देऊ की स्मार्ट देऊ? म्हातारी माणसं केबलची घेतात. तरुण मंडळी ऐटीत स्मार्ट मागतात. त्यांच्या खोल्यांत पाण्याच्या बाटल्या द्यायला गेलं की मला एकच दृश्य दिसतं. चौघं चार दिशांना तोंडं करून पलंगावर लोळताहेत, प्रत्येकाच्या नाकासमोर मोबाईल, आणि भिंतीवरचा टीव्ही कुणाकडे लक्ष न देता एकटाच पुढची मालिका सुचवत बसलेला. रिमोट पलंगाखाली सापडतो.

मागच्या गुरुवारी लॉज भरलेलं होतं. काउंटरवर उभं राहायला जागा नव्हती आणि नवऱ्याचा मोबाईल वाजला. त्याने नाव बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "पाण्याचा टँकरवाला आहे" असं म्हणत गच्चीकडे निघाला. जिन्यातून त्याचा आवाज मला ऐकू आला. तो टँकरवाल्याला विचारत होता, या नव्या मॉडेलला आपली भाषा समजते का?