सूज उतरली की वडाभात

मी स्वयंपाक शिकलो तो रिटायर झाल्यावर. खापरखेड्याच्या वीज केंद्रात आयुष्यभर बॉयलर सांभाळले, पण घरची गॅसची शेगडी कधी पेटवली नव्हती. मग बायकोच्या हृदयाचं दुखणं निघालं, पाय सुजले. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ जवळजवळ बंद, तळलेलं पूर्ण बंद आणि गॅसपुढे उभं राहायचं नाही. पोह्यांवरसुद्धा झणझणीत, तेलकट तर्री ओतून खाणाऱ्या आमच्या नागपुरात हे सांगायलाही धीर लागत असेल.

तिच्या हातचा वडाभात साऱ्या नात्यात गाजलेला. मिश्र डाळींचे वडे गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग, मोहरी, जिरं, लाल मिरचीची फोडणी, चांगली पळीभर तेलासकट. दवाखान्यातून परतताना ऑटोतच ती म्हणाली, "सूज उतरली की एक दिवस मले वडाभात पाहिजे. मिठाचा. मंजूर?" मी मंजूर म्हटलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनाही विचारलं. ते हसून म्हणाले, उतरू द्या सूज, मग एक दिवस थोडा खा. तेव्हापासून आम्ही दोघं त्या एका जेवणाच्या आशेवर होतो.

ती स्वयंपाकघराच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायची आणि तिथून मला हाकायची. "जिरं काहून जाळून राहिले तुम्ही? वास येऊन राहिला ना!" मी चिडायचो. इतकं कळतं तर तूच कर, असं अगदी ओठांवर यायचं. मग तिच्या पायांकडे लक्ष जायचं आणि मी मुकाट्याने दुसरं जिरं घ्यायचो.

मिठाची उणीव भरून काढायला मी काय काय उद्योग केले! वरणात अंबाडीचा पाला शिजवला, जवस भाजून लसणासोबत कुटला, भेंडीवर लिंबू पिळलं. एकदा संत्र्याची साल वाळवून तिची पूड तुरीच्या वरणात टाकली. "पाहुण्याले वाढू नका, पळून जाईल," ती म्हणाली, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. प्रमोशन मिळालं तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. वडे मात्र साफ फसले. तळायचे नाहीत म्हणून मी ते इडलीपात्रात वाफवले. त्यातला एक तिने बोटाने दाबून पाहिला. "हे वडे आहे का साबणाच्या वड्या?" आम्ही इतके हसलो की तिला धाप लागली, आणि मी घाबरून पाणी आणायला धावलो.

मीही तेच अळणी जेवायचो. तिच्यासमोर बसून मिठाचं खाणं माझ्या घशाखाली उतरलं नसतं. हळूहळू माझी जीभही मीठ विसरली. शेजारच्यांनी कौतुकाने पाठवलेले पोहे मला खारट लागू लागले.

रोज सकाळी ती नडगीवर अंगठा दाबायची. खळगा पडायचा. "आज कमी आहे ना?" असं विचारायची आणि मी हो म्हणायचो. एका सकाळी खरंच खळगा पडला नाही. मी लगेच डाळी भिजवायला काढल्या. तीच म्हणाली, "आज नको. तोंडाले चव नाही. चव आली की खाईन, नाहीतर वाया जाईल तो." मी डाळी परत डब्यात ओतल्या. त्याच आठवड्यात एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ती उठलीच नाही.

तेरवीला आचारी लावला होता. तिचं पान मात्र मी करायला घेतलं. "तू काहून करून राहिला गा दादा?" बहीण म्हणाली. मी कढई चढवली. मी पहिल्यांदा वडे तळले आणि ते छान फुलले. जिरं जळलं नाही. दारातून कोणी ओरडलं नाही, तेव्हा मला रडू आवरेना. तेरवीचं पान निघेपर्यंत स्वयंपाक चाखायचा नसतो, म्हणून मी काही चाखलं नाही. भात, वर वडा, वर पळीभर फोडणी, आणि पान गच्चीवर नेऊन ठेवलं. कावळा लगेच आला. सगळे म्हणाले, सुखानं गेली, काही इच्छा राहिली नाही.

मग आम्ही जेवायला बसलो. त्याच भातातला मी घेतला, बहिणीलाही वाढला. मला तो फार छान लागला. बहिणीचा हात मात्र पहिल्याच घासाला थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "दादा, मीठ नाही घातलं का यात?"

मी पुन्हा चाखून पाहिलं. मला कळेना. मग आठवलं, मिठाचा डबा मी खाली काढलाच नव्हता. वडे, भात, फोडणी, सगळं अळणी.

मी तसाच उष्ट्या हाताने उठलो, दुसऱ्या मुठीत मीठ घेतलं आणि गच्चीवर गेलो. पान लख्ख रिकामं होतं. तिने शेवटचंही पथ्याचंच खाल्लं होतं. मी त्या पानावर मीठ वाढलं आणि तिथेच खाली बसून ढसाढसा रडलो.