फेब्रुवारीतला पंखा

माझी नोकरी एका पंख्यापायी जायची वेळ आली होती, आणि तो पंखा मी लावलेलाच नाही अशी माझी ठाम समजूत होती.

सिनेमातली बोलणी आणि संगीत सोडलं, तर जे जे ऐकू येतं ते सगळं आमचं खातं. दाराची कडी, कपात फिरणारा चमचा, कोणीच बोलत नसताना खोलीत जे काही असतं ते. मुंबईत मी हे काम नऊ वर्षं केलं. मग नवऱ्याला म्युनिकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. पहिली दोन वर्षं मी अर्ज पाठवत होते आणि नकार गोळा करत होते. ओळखीतले लोक म्हणायचे, "अगं, टेस्टिंगचा कोर्स कर, हातोहात लागशील कुठेतरी." माझं डोकंच फिरायचं. ज्या कानांवर नऊ वर्षं पोट भरलं, ते आता काय डूल घालायला ठेवू? मी कोर्स केला नाही आणि अर्ज थांबवले नाहीत.

शेवटी एका लहानशा स्टुडिओने घेतलं. सहा महिन्यांची प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारी. तेवढ्या काळात ते कधीही घरी बसवू शकतात. पाच महिने मी दुसऱ्यांचे ट्रॅक साफ केले. सहाव्या महिन्यात शेफने, इथे साहेबाला शेफ म्हणतात, मला एका सिनेमाची पहिली वीस मिनिटं दिली. एक म्हातारा, बायको नुकतीच गेलेली, हिवाळ्यातलं घर. वीस मिनिटांत तो दोनदा बोलतो, तेही मांजराशी.

"आल्झो, तर मग," शेफ म्हणाला, "हे घर ऐकव मला. त्यावरून ठरवू."

काय ठरवायचं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्हाला दोघांनाही ते माहीत होतं.

मी झपाटल्यासारखी कामाला लागले. म्हाताऱ्याची पावलं मनासारखी मिळेनात, म्हणून एका रविवारी दुपारी नवऱ्याचे बूट घालून आमच्याच स्वयंपाकघरात तासभर चालले. दुसऱ्या दिवशी टपालपेटीत खालच्या मजल्यावरच्या आजींची चिठ्ठी. रविवारी घरात बूट घालून फिरू नये, आणि पुढे हाउसऑर्डनुंगमधल्या, म्हणजे इमारतीच्या नियमांमधल्या, कलमाचा नंबर. मी चिठ्ठी चुरगळली, पण पावलं झकास आली होती.

पावलांखाली खोली लागते. रिकाम्या खोलीचाही एक आवाज असतो. तो सगळ्याच्या खाली अंथरला नाही, तर बाकीचे आवाज हवेत लटकतात. माझ्याकडे पुण्याच्या माहेरच्या घरातला असा एक ट्रॅक होता. दुपार, सगळे झोपलेले, कुठे चिटपाखरू नाही. त्याला मी नावच 'शांत' दिलं होतं आणि कितीतरी सिनेमांत तो वापरला होता. म्हाताऱ्याच्या घरातही तोच अंथरला.

गुरुवारी शेफ ऐकायला बसला. दुसऱ्याच मिनिटाला त्याने चित्र थांबवलं.

"या घरात काहीतरी फिरतंय," तो म्हणाला.

"काही फिरत नाही," मी म्हणाले.

त्याने आवाज वाढवला. मग मला ऐकू आलं. घर्र घर्र घर्र, आणि प्रत्येक फेऱ्याला एक बारीक टक्. पुण्याच्या आमच्या हॉलमधला छताचा पंखा.

"फेब्रुवारी आहे," शेफ म्हणाला. "पंखा कोणी लावलाय?"

तो ओरडला असता तर मी पण ओरडले असते. पण तो नुसता थकलेला दिसला. "हे मी दुसऱ्या कोणाकडे देतो," असं म्हणून तो उठायला लागला. माझे कान तापले. लाजेने तापले, खोटं कशाला बोलू. पण पाय तिथून हलायला तयार नव्हते.

"नाही," मी म्हणाले. "सोमवारी सकाळी नऊ वाजता पुन्हा ऐका. त्यानंतर हवं त्याला द्या."

त्याने कॅलेंडर पाहिलं. "नऊ," तो म्हणाला. "पंख्याशिवाय."

घरी आले तर तिथेही पंखा. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि आल्या आल्या त्यांनी नवऱ्याला टेबलफॅन आणायला लावला होता. बाहेर बर्फ, आणि यांच्या खोलीत पंखा भिंतीकडे तोंड करून चालू.

"अहो आई, हा रोज असतो?"

"रोज म्हणजे? आल्यापासून. वाऱ्यासाठी नाही गं, आवाजासाठी. त्याच्याशिवाय डोळाच लागत नाही."

तीन आठवडे तो पंखा माझ्या घरात फिरत होता आणि मला, कानांची कमाई खाणाऱ्या बाईला, ऐकूच आला नव्हता. मी तिथेच पलंगावर बसले. आपल्याकडे शांतता म्हणजे पंखाच की. बाकी सगळं थांबलं की जो उरतो तो. दिवे गेल्यावर तो बंद पडतो तेव्हा आपण दचकून जागे होतो.

मग इथली शांतता कुठून आणायची? आमच्या घरात पंखा, कुकर, नवऱ्याचे फोन आणि सासूबाईंच्या नव्याकोऱ्या स्मार्टफोनवरचे व्हिडिओ. मी कपाटातून रेकॉर्डर काढला.

"खाली जाऊन येते," मी म्हणाले.

"जिने चिठ्ठी टाकली तिच्याकडे?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"तिचंच घर शांत आहे. तिने स्वतः लिहून दिलंय."

"मग रिकाम्या हाताने जाऊ नकोस," त्या म्हणाल्या आणि शंकरपाळ्यांचा डबा हातात दिला.

आजींनी दार अर्धंच उघडलं. मी आधी बुटांबद्दल माफी मागितली, मग काम सांगितलं: तुमच्या घरात काहीच होत नसताना जे ऐकू येतं, ते मला हवंय. त्यांनी रेकॉर्डरकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं. "शनिवारी नऊला," त्या म्हणाल्या. "मोजे घालून. आणि बोलायचं नाही."

शनिवारी मी तासभर त्यांच्या बैठकीच्या खोलीत मुकाट बसले. त्या शब्दकोडं सोडवत होत्या. हाइत्सुंगची, म्हणजे खोली उबवणाऱ्या हीटरची, लोखंडी जाळी तापताना मधूनच टिकटिकत होती. आवाज चांगले होते, पण नुसतेच चांगले. म्हातारा काही त्यात दिसत नव्हता.

दहाच्या ठोक्याला आजी उठल्या आणि त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. इथले लोक रोज हे करतात, बाहेर कितीही थंडी असली तरी. घराला हवा दाखवतात. मी कुडकुडत रेकॉर्डर धरून राहिले. ट्राम आत आली, फुटपाथवरचा बर्फ खरवडणारं फावडं आत आलं, कोणाचं तरी हसणं आत आलं. दहा मिनिटं सगळा रस्ता त्या खोलीत बसला होता. मग आजींनी एकेक खिडकी लावली. शेवटच्या खिडकीची मूठ फिरली आणि सगळं एकदम तुटलं. माझ्या कानांना दडे बसल्यासारखं झालं. आपल्याकडे खिडकी लावली तरी गल्ली घरातच असते. इथे ही बाई रोज सकाळी आपल्या हाताने शांतता करत होती.

न बोलण्याचा नियम त्यांनीच मोडला. "हे मला आवडत नाही," त्या खिडकीची मूठ धरूनच म्हणाल्या. "उघडी असते तोवर बरं वाटतं. लावली की कळतं, घरात कोण कोण आहे."

घरात त्या एकट्याच राहत होत्या. मी उठून त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही.

मी वर आले, कानांवर हेडफोन चढवले आणि 'शांत' नावाचा ट्रॅक काढून टाकला. सिनेमातला म्हातारा सकाळी खिडकी उघडतो, हे मी शंभरदा पाहिलं होतं आणि दर वेळी नुसता बिजागरीचा आवाज देऊन पुढे गेले होते. आता त्या खिडकीतून मी अख्खा रस्ता आत घेतला. मग त्याच्या हाताने ती लावली, आणि खाली काहीही अंथरलं नाही, फक्त आजींची बंद खोली. रविवारचं जेवण सासूबाईंनी टेबलावर झाकून ठेवलं होतं. ते मी सोमवारी सकाळी खाल्लं.

नऊ वाजता शेफ आला. नेहमीसारखं जॅकेट खुर्चीच्या पाठीला टांगलं, बाह्या वर केल्या आणि बसला. मी सुरू केलं. म्हातारा उठला, मांजराला दूध घातलं, खिडकी उघडली. ट्राम गेली, फावडं खरवडलं. शेफने पडद्यावरची नजर न काढता हात मागे नेला, जॅकेट ओढलं आणि अंगात घातलं. आमच्या स्टुडिओला एकही खिडकी नाही, आणि आत तर चांगलं उबदार होतं.

खिडकी बंद झाली. पुढची सगळी मिनिटं त्याने काही थांबवलं नाही, आवाज वाढवला नाही. दिवे लागले तरी जॅकेट त्याच्या अंगातच होतं. मला राहवेना.

"पंखा बंद करू का?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या जॅकेटकडे. "पुढची वीस मिनिटं तूच कर," तो म्हणाला. "त्याच्या पुढचीही."

"आणि प्रोबेत्साइट?"

"ती संपली," तो म्हणाला, आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.