भरल्या टाकीचा दरवाजा

भुतांवर माझा विश्वास नाही. देवावर होता तो परीक्षेपुरता, डिप्लोमा हातात पडला आणि तोही सुटला. तेव्हा खालचं वाचून कुणी मला अंगारा पाठवू नका, की कुठल्या बाबाचा पत्ता देऊ नका. मी हे रागानं लिहितो आहे. हो, रागानं! पंचवीस वर्षं होत आली, तरी तो दिवस आठवला की माझी कानशिलं तापतात. बायको म्हणते, बीपीची गोळी घ्या आणि मग सांगा. घेतली आहे. सांगतो.

जागा पांढुर्णा. साल चौऱ्याऐंशी की पंच्याऐंशी. मे महिना, दुपारचे दोन. अंधार नाही, अमावस्या नाही, पिंपळाचं झाडसुद्धा नाही... नुसतं डोकं फोडणारं ऊन आणि समोर आमचं फायर स्टेशन.

ती इमारत तुम्ही बघायला हवी होती. पन्नासच्या दशकातली. गावात कापसाच्या जिनिंग उभ्या राहिल्या, आगी लागू लागल्या, म्हणून बांधलेली. दर्शनी भाग गोलाकार वळवलेला, त्यावर सिमेंटच्या तीन आडव्या पट्ट्या, जणू बोटच किनाऱ्याला लागली आहे. गाडी आत घ्यायच्या दरवाजाच्या वर पहाऱ्याची खोली, तिला गोल खिडकी. खाली लाल कोब्याची गुळगुळीत जमीन. आणि एका बाजूला चार मजली उंच मनोरा, आतून पोकळ, भिंतींना जाळ्या. आगीवरून आले की कॅनव्हासचे ओले पाइप त्यात वरपासून खालपर्यंत टांगायचे, नाहीतर ते कुजतात. पाहुणे आले की लोक मनोरा दाखवत. पण त्याआधी दरवाजा दाखवत, आणि दरवाजा दाखवताना हसत.

कारण असं. लढाईनंतर लिलावात आलेला एक लष्करी ट्रक घेऊन त्यावर पाण्याची टाकी बसवली होती, तीच आमची आगीची गाडी. ओव्हरसियरनं दरवाजाचं माप घेतलं ते त्या गाडीवरून. वर चार बोटं जागा सोडली आणि बीम टाकला. सगळं बरोबर. फक्त माप घेतलं तेव्हा टाकी पाण्यानं भरलेली होती! पाण्याच्या वजनानं गाडीच्या स्प्रिंगांचे पाटे दबलेले. टाकी रिकामी झाली की पाटे उसळायचे, गाडी सहा बोटं वर यायची, आणि टाकीचं झाकण बीमला दोन बोटं आडवं जायचं.

म्हणून आमच्याकडे जगावेगळी पद्धत. आग विझवून गाडी आली की आधी बाहेरच्या हौदावर उभी करायची, टाकी काठोकाठ भरायची, आणि मगच आत घ्यायची. तीस वर्षं हेच चालू. दरवाजा फोडून उंच करावा, तर वर पहाऱ्याची खोली.

ते माप घेणारा ओव्हरसियर म्हणजे माझे वडील.

आता कळलं राग कुठून सुरू होतो? शाळेत पोरं मला पाहून दोन बोटं दाखवायची. वडील वारल्यावर त्यांच्याच ऑफिसात मी ओव्हरसियर म्हणून लागलो, तर पहिल्याच दिवशी स्टेशनसमोरचा पानठेलेवाला ओरडला, "या लहान साहेब! पान खाऊन टाका आधी. भरल्या पोटानं आत जा, नाही तं डोक्सं लागन!" अख्खा ठेला हसला. मीही हसलो. आतून जळत होतो. बरं, वडिलांनी एकदा तरी कबूल करावं? मरेपर्यंत नाही. आईनं विषय काढला की पेपर उघडून बसायचे. "चुकलं माझं," एवढे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून मी ऐकले नाहीत. त्या मापाबद्दल नाही, कशाबद्दलच नाही.

तर मी ठरवलं. हा बीम मी फोडणार. पहाऱ्याची खोली पाडणार, दरवाजा उंच करणार, आणि नकाशावर वडिलांची चूक मापासकट लिहून ठेवणार. त्यासाठी मला रिकाम्या गाडीचं माप हवं होतं.

ड्रायव्हर होता भीमराव. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, वडिलांच्या हाताखाली नोकरीला लागलेला. त्यांना तो मोठे साहेब म्हणायचा.

"गाडी बाहेर काढतो, साहेब," तो म्हणाला. "बाहेर खाली करू, मंग मोजा."

"नाही. आतच करा. बीमच्या अलीकडे उभी असताना किती वर येते ते मला डोळ्यांनी बघायचंय."

"अन् कॉल आला तं?"

"दहा मिनिटांत काय येतोय?"

"साहेब, तीस वर्सांत कोनी आत खाली नाही केली. मोठे साहेब तं..."

"मोठे साहेब गेले, भीमराव. व्हॉल्व्ह खोला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि पाना माझ्या हातात दिला. "तुमीच खोला. माह्या हातानं नाही होत हे."

खोलला! मोठ्या दिमाखात खोलला. लाल कोब्यावरून पाण्याचा लोट रस्त्यापर्यंत गेला. पाटे कुरकुरले, आणि गाडी माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू वर आली, एखादी म्हैस पाण्यातून उठावी तशी. मी शिडीवर चढून मोजलं. झाकण बीमच्या दोन बोटं वर. वहीत लिहिलं, खाली रेघ मारली, दोनदा. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नाही.

आणि फोन वाजला.

नदीपलीकडे, सावरगावच्या बाजूच्या एका जिनिंगला आग लागली होती. हंगाम सरला होता, पण कापसाच्या गाठी पडून होत्या आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेवटचा कापूस निवडायला बायका होत्या. भीमरावची बायको कौसाबाई त्यांच्यातच रोजीनं जायची. ते मला त्या क्षणी कळलं. भीमरावनं फोन ठेवला, वळला, आणि सरळ माझी कॉलर धरली.

"माही बायको हाय तिथी."

पंपाचा पाणी ओढायचा पाइप आतून हौदापर्यंत पोचत नव्हता, म्हणून बाकीचे तिघं फायरमन बादल्या घेऊन हौदाकडे धावले. पण टाकी केवढी, बादल्या केवढ्या! पानठेल्यावरून आठ माणसं ओढून आणली, फुटबोर्डावर चढवली. गाडी अर्धं बोट खाली गेली. तुम्ही म्हणाल, चाकांची हवा काढायची. भीमरावला ते माझ्याआधी सुचलं होतं. पण बिनहवेच्या चाकांवर नदीचा उतार उतरणार कसा, आणि पलीकडचा चढ चढणार कसा?

तेवढ्यात एक सायकलवाला धापा टाकत आला. "मांगच्या शेडमंधी सात-आठ बाया अटकल्या! दाराशी गाठी जळून राहिल्या!"

भीमरावनं सगळ्यांना गाडीवरून खाली हाकललं. "उतरा! उतरा भाऊ सगळे!" तो केबिनमध्ये चढला, इंजिन सुरू केलं. मी आडवा गेलो.

"भीमराव, झाकण उडेल! टाकी फाटेल, बीम खाली येईल!"

"येऊ दे. हट."

"अहो, पण..."

"हट म्हणतो ना बे! बापानं एक चूक केली, ते आमी तीस वर्सं उचलली. तुही चूक म्या काऊन उचलू? गाडीवर चढ नाही तं चाकाखाली ये, मले काही फरक नाही पडत!"

साहेबाचा मी एका मिनिटात 'बे' झालो होतो. योग्यच होतं.

मी मागच्या पायरीवर उडी मारली. गाडी हलली. समोरून बीम माझ्याकडे येताना दिसत होता, पांढराशुभ्र, नुकताच चुना मारलेला. आणि मी काय केलं असेल? हसू नका. मी उजवा हात लांब करून तळहात टाकीच्या झाकणावर ठेवला आणि गाडी खाली दाबू लागलो. अख्खा ट्रक, एका तळहातानं! इंजिनिअरिंग शिकलेला माणूस! दाबत होतो आणि शिव्या घालत होतो. कुणाला? बापाला. मोठ्यानं. "आयुष्यात एक माप धड घेतलं नाही! एकदा बोलला नाहीत! आता तरी काही करा, नाहीतर मेलात तेच बरं झालं म्हणेन!" हे मी बोललो. ऐकणारे फायरमन अजून आहेत.

पाटे कुरकुरले. पण गाडी उसळताना वाजले होते तसे नाही... ओझं चढताना वाजतात तसे. माझ्या पायाखालची पायरी खाली गेली. उतरत्या पाळण्यासारखी. बीम डोक्यावर आला, मी डोळे मिटले. धडाका नाही. घासल्याचा आवाज नाही. हाताच्या पाठीवरून काहीतरी गार, खरखरीत सरकत गेलं... आणि डोळ्यांवर ऊन आलं. गाडी बाहेर होती.

उजव्या हाताच्या पाठीवर बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत चुना लागला होता. हात झाकणावर होता, आणि हातावरून बीम गेला होता! ज्या झाकणाला बीमखाली दोन बोटं कमी पडत होती, त्याच्या वर माझा हात मावला होता.

विचार करायला वेळ नव्हता, टाकी भरायलाही नव्हता; फायरमन चढले आणि रिकामी गाडी तशीच जिनिंगवर नेली. जिनिंगच्या हौदात पाणी होतं, त्यावर त्यांचा पंपही होता. आमचे पाइप त्याला जोडले, दाराशी मारा सुरू केला. भीमराव मात्र गाडी घेऊन मागे गेला. साखळी शेडच्या पत्र्यात अडकवली, गाडी पुढे दामटली, आणि दोन पत्रे कागदासारखे उपटले गेले. धुरातून बायका बाहेर आल्या, एकमेकींचे पदर धरून. शेवटी कौसाबाई. केसांत कापूस, तोंड काळं, आणि खोकत खोकत पहिलं वाक्य काय?

"काय जी, जेवन करून आले काय तुमी?"

भीमराव मटकन खाली बसला आणि रडू लागला. ती म्हणाली, "आता उठा. लोक पाहून राहिले."

परत आलो. गाडी रिकामीच, दरवाजासमोर उभी केली. मी शिडी लावली आणि मोजलं. दोन बोटं वर. पुन्हा मोजलं. सात वेळा मोजलं. बीमचा चुना खालून निरखला, कुठे ओरखडा नाही, बोटाचा ठसा नाही. मग माझ्या हाताला लागला तो कुठला? पाट्यांचं एकही पान तुटलं नव्हतं. जमीन खचली म्हणावं, तर कोबा आरशासारखा. आवेगात गाडी दबते म्हणावं, तर ती माणूस चालेल इतक्या हळू निघाली होती. एका प्रोफेसरांनी नंतर मला सांगितलं, भीतीत माणसाला असं वाटतं. मी म्हटलं, साहेब, भीतीनं मला वाटलं असेल, टाकीलाही वाटलं का?

संध्याकाळी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी तिनं खाली ठेवली. मग म्हणाली, "शिव्या दिल्यास ना? मी कधी दिल्या नाहीत. द्यायला पायजे होत्या." आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी वहीतलं पान भीमरावसमोर धरलं. टाकी मी रिकामी केली, असं लिहून रिपोर्ट देतो म्हटलं. नोकरी गेली तर गेली. खरं सांगू? मनातून मी फुललेला होतो. रात्रभर एकच विचार... म्हाताऱ्यानं ऐकलं. जन्मभर ऐकलं नाही, पण काल ऐकलं. माझ्या हाकेला आला, माझ्या हातावर हात ठेवून गाडी दाबली. हे मी भीमरावला बोलूनही दाखवलं, मोठ्या भावुकपणे.

तो गाडी पुसत होता. पुसतच राहिला.

"रिपोर्ट द्या. द्याच," तो म्हणाला. "पन हे दुसरं काही मनात घेऊ नका. कौसा लग्न होऊन आली तवा मनोऱ्याच्या कामावर गिट्टी वाहायची. एक दिवस उन्हानं पडली. मोठ्या साहेबानं सोता पानी पाजलं, सावलीत नेलं, मुकादमाले शिव्या घातल्या. म्हने, चूक माही झाली बाई, दुपारी काम लावाले नको होतं." त्यानं फडकं पिळलं. "आले असन तं तिच्यासाठी आले, साहेब. तुमच्यासाठी नाही."

चूक माही झाली. गिट्टी वाहणाऱ्या मजुरणीला!

रिपोर्ट दिला. दोन वेतनवाढी थांबल्या, नोकरी राहिली. ट्रक पुढे भंगारात गेला. त्या दुपारचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि आता ते मी शोधतही नाही. भुतांवर माझा आजही विश्वास नाही. पण समजा मी चुकत असेन, समजा तो माणूस खरंच त्या दुपारी तिथं आला होता... तर माझ्या हाताला हात लावून, मला एक शब्द न बोलता तो पुन्हा निघून गेला, आणि हे मी त्याला कधीही माफ करणार नाही.