पंचेचाळीस अंशातला देवमासा

चहा निवायच्या आत सांगून टाकतो, नाहीतर माझा धीर सुटेल. ऐकून तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. हसा! पण त्या तीन दिवसांत मी जेवढा घाबरलेलो तेवढा जन्मात कधी घाबरलो नव्हतो. आणि कशाला? तर सीनियर केजीतल्या एका देवमाशाला!

माझी नात ईरा पाच वर्षांची. डोंबिवलीतच शाळा. त्यांच्याकडे समुद्राचा आठवडा चालू होता. सोमवारी कागदी डिशचा खेकडा झाला, मंगळवारी आईस्क्रीमच्या काड्यांची होडी झाली आणि बुधवारी घरी रंगवायला एक कागद आला. त्यावर देवमाशाचं रेखाचित्र, पाठीवर पाण्याचं कारंजं आणि खाली एक ओळ: 'मुलांना आपल्या मनाने रंगवू द्या.'

ही ओळ मी वाचली नव्हती का? वाचली होती हो. चांगली चष्मा लावून वाचली होती.

पण माझा इतिहासही लक्षात घ्या. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायची. रेघ केसभर सरकली तरी साहेब कागद परत करायचे. मी निवृत्त झालो, बोटं अजून झालेली नाहीत.

दुपारची वेळ. मुलगा निखिल आणि सून मानसी ठाण्याला ऑफिसात. आमची ही चार दिवसांसाठी कळव्याला बहिणीकडे गेलेली. ईरा रंगवता रंगवता सोफ्यावर झोपून गेली आणि कागद माझ्यासमोर पडलेला. देवमासा जांभळा! पोटावर हिरवे ठिपके! आणि रंग असा बाहेर आलेला की मासा कुठे संपतो नि समुद्र कुठे सुरू होतो तेच कळेना. म्हटलं, काही नाही, कड तेवढी जरा नीट करू.

खोडरबर घेतलं. आता मला सांगा, मेणाचा खडू खोडरबराने जातो का? शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं. पण मी आपला घासतोय, घासतोय, आणि शेपटीजवळ फर्रकन भोक पडलं.

समोरच्या वहिनींना पाच मिनिटं ईराजवळ बसवलं आणि खाली झेरॉक्सवाल्याकडे पळालो. वर्गाच्या ग्रुपवर तोच कागद आलेला, तो मानसीने मला पाठवून ठेवलेला. त्याची नवी प्रिंट काढली. विचार एवढाच, की हुबेहूब तसाच जांभळा रंगवून ठेवायचा. पण जांभळा खडू कुठे? ईराच्या मुठीत! सोडवायला गेलो तर ती झोपेतच कुरकुरली. मग मी माझी पेन्सिल काढली. नाहीतरी देवमासा राखाडीच असतो.

आणि एकदा पेन्सिल हातात आल्यावर मी कुणाचं ऐकतो?

सगळं अंग तिरप्या रेघांनी भरलं. पंचेचाळीस अंशात, दोन दोन मिलिमीटरवर, एकही रेघ कडेबाहेर नाही. डोळा कंपासने काढला आणि मध्यबिंदूवर सवयीने बारीक फुली मारली. समुद्राच्या लाटा आडव्या, पट्टीने मारलेल्या. मग चहूबाजूंनी चौकट हवी, कारण चौकटीशिवाय ड्रॉइंग कसलं! कारंजं मात्र चौकटीच्या बाहेर जात होतं. मग त्याच्यावर व्हाइटनर फिरवला आणि उडवून टाकलं.

खरं सांगू? देखणा झालेला हो.

ईरा उठली. कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"आजोबा, हा माझा नाहीये."

"अगं तुझाच आहे. मी थोडा नीट केलाय."

"माझा जांभळा होता."

"हे बघ ईरा, हे आपल्या दोघांचं सिक्रेट. आईला सांगायचं नाही, बाबाला नाही, टीचरला पण नाही. सांगणार नाहीस ना?"

तिने जरा विचार केला आणि माझ्या तळव्यावर हात ठेवून म्हणाली, "प्रॉमिस. कुणालाच नाही सांगणार." आमची ईरा शब्दाला पक्की आहे. माझ्या जिवात जीव आला. फाटका कागद मी जुन्या रद्दीत खाली सारून दिला.

गुरुवारी कागद शाळेत गेला. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला बसलो आणि मानसीचा फोन वाजला. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. शाळेच्या काउन्सेलर मॅडमचा मेसेज होता: सोमवारी सकाळी पालकांनी भेटून जावं, ईराच्या चित्राबद्दल बोलायचं आहे. सोबत चित्राचा फोटो.

"हे ईराने काढलंय?" निखिल म्हणाला. "हे काय आहे? केवढं भयानक आहे!"

एक तर भीती, त्यात अपमान.

मानसीने ईराला जवळ घेतलं. "पिल्लू, असं का रंगवलंस गं? तुला कशाची भीती वाटते का?"

ईराने माझ्याकडे बघितलं. तोंड घट्ट मिटलं. मान खाली घातली आणि वरणभात चिवडत बसली. प्रॉमिस पाळत होती बिचारी!

"बघितलंस? बोलतच नाहीये," मानसीचे डोळे भरून आले. "निखिल, तू परवा तिला बुटांवरून ओरडलास ना, त्याचं आहे हे."

"मी? आणि तू रोज सकाळी 'लवकर कर, लवकर कर' म्हणून मागे लागतेस ते? पोरगी टेन्शनमध्ये येणारच ना!"

झालं! दोघांची जुंपली. बोलायचा क्षण तोच होता. नुसतं म्हणायचं होतं, अरे तो मी रंगवलाय. तोंड उघडलंसुद्धा. पण बाहेर काय पडलं? "मानसी, जरा कोशिंबीर वाढतेस?" भित्रेपणाची हद्द!

शनिवारी गॅलरीत जाऊन कळव्याला फोन लावला. हिला सगळं सांगितलं.

"अहो, मग आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा ना!"

"अगं, मानसी काय म्हणेल?"

"म्हणेल ते ऐकून घ्यायचं. पोरीचं नाव खराब होतंय तिकडे, कळतंय का?"

कळत होतं. तेच तर कळत होतं! शाळेत प्रत्येक मुलाची फाइल असते म्हणे. माझ्या हसऱ्या नातीच्या फाइलमध्ये काहीतरी वाईट लिहिलं जाणार, पहिलीत गेली तरी टीचर तिच्याकडे त्याच नजरेने बघणार, आणि ते माझ्यामुळे. मी स्वतःला शिव्या घालत होतो आणि तरीही गप्प बसत होतो. रविवारी तर मानसीने ईराला दिवसभर एका शब्दाने टोकलं नाही. निखिलने बुटाची नाडी स्वतः बांधून दिली. दोघं पोरीशी असं हळू बोलत होते की मला ते बघवेना.

सोमवारी मानसी म्हणाली, "बाबा, तुम्हीपण चला. दिवसभर तुम्हीच असता तिच्याजवळ." शाळा शीळफाट्याच्या रस्त्याला. एरवी तिथे रिक्षा अर्धा तास जागची हलत नाही. त्या दिवशी मेला रस्ता मोकळा! सात मिनिटांत पोचलो.

काउन्सेलर मॅडम माझ्या मुलापेक्षा लहान. आवाज अगदी मऊ. त्यांनी माझा देवमासा टेबलावर ठेवला आणि ईराला कोपऱ्यातल्या छोट्या खुर्चीवर बसवून एक नवा कोरा कागद आणि खडू दिले.

"बघा," त्या हळूच म्हणाल्या, "रेघेबाहेर एकदाही रंग गेलेला नाही. या वयात हे नॉर्मल नाही. चुकायची खूप धास्ती दिसते. डोळ्यावर फुली आहे, म्हणजे काहीतरी बघायचं टाळायचंय. चारी बाजूंनी चौकट आहे, म्हणजे कोंडल्यासारखं वाटतंय. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे हे. कारंजं पुसून टाकलंय. देवमाशाचा श्वास आहे तो. श्वासच बंद केलाय."

मानसी हुंदके द्यायला लागली. निखिलने तिचा हात धरला. मला घाम फुटला, पंख्याखाली!

"घरात कुणी फार कडक आहे का?" मॅडमनी विचारलं. निखिल-मानसीने एकमेकांकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मनात म्हटलं, आता बोल, मेल्या, आता तरी बोल!

तेवढ्यात ईरा उठून आली. "झालं," म्हणाली आणि कागद टेबलावर ठेवला.

जांभळा! लख्ख जांभळा! रंग रेघेबाहेर, कागदाबाहेर, तिच्या कोपरापर्यंत. कारंजं पार वरच्या कडेला भिडलेलं. मॅडमचा चेहरा खुलला. पण मग त्या खाली वाकल्या. देवमाशाच्या पोटात, हिरव्या ठिपक्यांच्या मध्ये, एक माणूस बसलेला होता. चष्मा, मिशा आणि हातात लांबलचक पट्टी.

"हे कोण गं?"

"आजोबा."

"आणि ते आत काय करतायत?"

"लपलेत. त्यांना आईची भीती वाटते."

ईरा वळून माझ्याकडे आली आणि मोठ्या समजुतीने म्हणाली, "आजोबा, मी सांगितलं नाही हं. मी फक्त काढलं."

मग काय, सगळं ओकलो! खोडरबर, भोक, झेरॉक्सवाला, व्हाइटनर, सगळं. मानसी आधी रडत होती, मग रडत रडत हसायला लागली आणि मग तिने माझ्याकडे असं बघितलं की त्या देवमाशाच्या पोटात जागा असती तर मी खरंच शिरलो असतो. निखिल नुसता "बाबा... बाबा..." एवढंच म्हणत राहिला.

मॅडमनी ईराची फाइल मिटली. "ईरा एकदम मस्त आहे," म्हणाल्या. मग माझा देवमासा पुन्हा हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि त्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही मात्र उद्यापासून दर मंगळवारी येत जा. साडेदहाला. एकटेच."

जातोय. चार मंगळवार झाले. छोट्या खुर्चीवर बसतो आणि मनाला येईल तसा मासा रंगवतो. काल पहिल्यांदा माझी एक रेघ कडेबाहेर गेली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, कपाळावर चांदणी चिकटवली आणि म्हणाल्या, "बघा, आता कशी तुमची भीती गेली!"

त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की त्या अचानक मागे येऊन उभ्या राहिल्या म्हणून माझा हात थरथरला होता?