मामांचा पालथा ग्लास

चहाचा शेवटचा घोट घेतला की मामा ग्लास पालथा घालायचे. आदळायचे नाहीत. हलक्या हाताने टपरीच्या बाकावर उपडा ठेवायचे, त्याच्या बुडावर दोन बोटं टेकायचे आणि म्हणायचे, "झालं." ग्लास पालथा पडला की आपण समजून घ्यायचं, या विषयावरचं मामांचं मत आता तहसीलदार आला तरी बदलणार नाही.

आणि पुंडलिकनगरच्या त्या टपरीवर आमचा विषय एकच असायचा. बेसबॉल. हसा, माझी हरकत नाही. माझी बायको कधीपासून हसतेय. "क्रिकेट सगळ्यांना कळतं, म्हणून तुम्ही हे शोधून काढलंत," ती म्हणते. "चुकलात तरी कुणाला पत्ता लागत नाही."

यात तथ्य आहे.

आपल्या शहरात बेसबॉलचे चार क्लब आहेत हे तुम्हाला माहीत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, शहरालाही माहीत नाही. त्यातला एक आमचा. शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी सामने होतात. माझं झेरॉक्सचं दुकान मैदानासमोर आणि अक्षर बरं, म्हणून स्कोअरची वही माझ्याकडे आली. खेळणं मला कधी जमलं नाही. एकदा उत्साहाने चेंडू झेलायला गेलो आणि तो चष्म्याने झेलला. तेव्हापासून मी या खेळातला जाणकार समजला जातो.

मामाही कधी खेळले नव्हते. वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंग लाइनवर होते. एका संध्याकाळी घरून भाजी आणायला निघाले, मैदानाच्या तारेशी सराव बघत थांबले, आणि मेथीची जुडी जेवणं आटपल्यावर घरी पोचली. मग रोज थांबायला लागले. कडुनिंबाखाली एक प्लॅस्टिकचा क्रेट उपडा घालून त्यावर बसायचे. त्यांच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारी, म्हणून सामन्याच्या रविवारी ते दुसरी पाळी मागून घ्यायचे. सकाळी मैदान, दुपारी वाळूजची बस.

नवा खेळाडू आला की मामा त्याचं नाव-गाव विचारायचे नाहीत. "आधी हात, मग बात," म्हणायचे आणि बाजारात बैल बघावा तसा त्याचा खांदा चाचपायचे, कोपर वाकवून बघायचे. एकदा त्यांनी माझाही हात पाहिला. बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही लिहा."

बिरूला त्यांनीच आणलं. चोवीस-पंचविशीचा, भरघोस मिशांचा, एका लेकराचा बाप, मामांच्याच लाइनवर कंत्राटी कामगार. वैजापूरकडच्या मेंढ्या राखणाऱ्या घरातला. कंपनीच्या पोरांत क्रिकेट खेळायला गेला, तर चेंडू टाकताना याचं कोपर वाकायचं. "बट्टा! बट्टा!" म्हणून सगळे ओरडले आणि त्याला बाहेर बसवलं. मामांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला गाडीवर मागे बसवून थेट मैदानावर घेऊन आले.

"तिकडं फेकतो म्हणून हाकलला," मामा म्हणाले. "इथं फेकायचंच हाये की!"

खरंच होतं. बेसबॉलचा पिचर चेंडू फेकतोच. आणि बिरूने फेकलेला पहिला चेंडू आमच्या कॅचरच्या हातमोज्यात असा काही वाजला की मी दुकानातून बाहेर आलो. मला वाटलं, शटर पडलं.

पण मोसम सुरू झाला आणि आमचे ग्रह फिरले. पिचरने चेंडू बॅटवाल्याच्या छातीच्या खाली, गुडघ्याच्या वर आणि जमिनीतल्या पाटीच्या वरून टाकायचा असतो. चार चेंडू या हद्दीबाहेर गेले की बॅटवाला काही न करता, फिरायला निघाल्यासारखा, पहिल्या बेसवर जातो. फुकट बेस. तिन्ही बेस, म्हणजे मैदानातले थांबे, करून पाटीशी परतला की एक धाव. बिरू सरावाला एकटाच फेकायचा तेव्हा नेम चुकायचा नाही. बॅट घेऊन माणूस उभा राहिला की चेंडू हातभर लांब. माझ्या वहीत फुकट बेसच्या एवढ्या खुणा झाल्या की पेन बदलावं लागलं. आम्ही चौथे आलो. चारांत.

गणपती गेले की चारही क्लबांत खेळाडूंची अदलाबदल सुरू होते. दिवाळीच्या आत नावांच्या याद्या द्यायच्या असतात. त्या वर्षी सिडकोकडच्या क्लबाने निरोप धाडला : बिरू आम्हाला द्या, आमचा जुना डावखुरा पिचर आणि एक दणकट बॅटवाला तुम्ही घ्या. एकाच्या बदल्यात दोन! आमचा कप्तान खूश. मी तर वही घेऊनच टपरीवर गेलो.

"मामा, हे बघा," मी पानं उलटत म्हणालो. "हा सामना बिरूच्या फुकट बेसनं गेला. हाही. हासुद्धा."

"व्हय, बघितलाय मी. तुम्ही वहीत बघत होता तवा मी मैदानात बघत होतो."

"मग द्यायचा का नाही?" कप्तान म्हणाला. "यंदा पण शेवटी आलो तर शाळा मैदान देणार नाही आपल्याला. हेडसरांनी तोंडावर सांगितलंय."

ही गोष्ट खरी होती. कबड्डीवाले त्या मैदानाकडे डोळे लावून बसले होते. मैदान गेलं की क्लब गेला, हे टपरीवरच्या प्रत्येकाला कळत होतं.

मामांनी चहा संपवला. "ज्याला कुणी उभं करत नव्हतं त्याला आपण बोलवून आणला. आता एका मोसमात हाकलायचा? मंग त्या बट्टावाल्यात आन् आपल्यात फरक काय राह्यला?" ग्लास पालथा झाला. "झालं."

मामा क्लबाचे ना अध्यक्ष ना सभासद. पण पालथ्या ग्लासापुढे कुणाला बोलवेना. बिरू राहिला. त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की एका हट्टी माणसापायी क्लब बुडणार.

"तुम्ही दोन वर्षं गॅसची शेगडी बदलू दिली नाहीत," ती म्हणाली. "तुम्हाला हट्टी माणसं ओळखता येणारच."

चुकतंय कुठे, ते मामांना एका शुक्रवारी सापडलं. बिरूबरोबर ते त्याच्या गावी गेले होते. तिथे बिरूचा बाप मेंढ्या वळवत होता. चुकार मेंढी शेतात शिरायला लागली की म्हातारा दगड भिरकवायचा, पण मेंढीला नाही. मेंढीच्या हातभर पुढे. दगड पडला की मेंढी वळायची. जितराबाला लागता कामा नये, हे त्या घरात लेकरं चालायच्या आधी शिकतात.

"भाऊ, त्याचा नेम चुकतच नाय!" मामा दुसऱ्या दिवशी धापा टाकत दुकानात आले. "समोर जीव दिसला का त्याचा हात आपोआप हातभर लांब टाकतो. लई पक्का नेम हाये. पर मेंढीचा!"

मला हसू आलं. मामांना आलं नाही. त्या संध्याकाळपासून सत्तावन्न वर्षांचा हा माणूस डोक्यात गाडीचं लाल हेल्मेट घालून, हातात बॅट धरून, बिरूसमोर उभा राहायला लागला. पहिल्या पाळीची बस साडेचारला पुंडलिकनगरात यायची. दोघं उतरायचे ते सरळ मैदानावर.

"माझ्याकडं बघू नको. मी मेंढी!" मामा ओरडायचे. "मेंढीपुढची जागा बघ. तो मोजा हाये ना, ती जागा!"

"मामा, लागंल तुम्हाला."

"लागू दे. मेंढी बोलत नसती. टाक!"

लागलंही. लांब टाकायची सवय मोडताना चेंडू अंगावर यायचा. पाठीत, दंडात, एकदा बरगडीत. मामी माझ्या दुकानात आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, यांच्या पाठीला तेल लावून माझे हात गेले. तुम्ही तरी सांगा."

मी सांगायला गेलो. मामांनी शर्टाची बाही वर केली. दंडावर दोन काळेनिळे गोल होते. "हा दिवाळीआधीचा," ते म्हणाले. "हा परवाचा. बघा, जागा सरकली का नाय? मेंढीपासून मोज्याकडं चाललाय." त्या दिवसापासून मी अदलाबदलीचं नाव काढलं नाही. टपरीवर वहीही नेईनासा झालो.

दुसऱ्या मोसमात आम्ही अंतिम सामन्यात आलो. समोर तोच सिडकोकडचा क्लब. हेडसर बघायला येणार होते. आणि नेमका त्या आठवड्यात कंपनीने कुणाची पाळी बदलून देणं बंद केलं. दोघंही सकाळच्या पाळीत. रविवारची रजा लाइनवरच्या एकालाच, आणि ती मामांनी महिनाभर आधी मागून ठेवलेली.

रविवारी सकाळी मी मैदानावर गेलो तर क्रेट रिकामा. बिरू एकटाच आला, हातात ते लाल हेल्मेट.

"मामा कुठंयत?"

"माझ्या जागी गेले," तो खाली बघत म्हणाला. "रजा मला दिली. रात्री घरी येऊन सांगितलं आन् गेले. मला बोलूच दिलं नाय."

त्याने हेल्मेट कडुनिंबाखालच्या क्रेटवर ठेवलं, मैदानाकडे तोंड करून.

अदलाबदलीला नाही म्हणणाऱ्या माणसाने एकच अदलाबदल केली होती, आणि तीत स्वतः गेला होता.

सामना मी तुम्हाला सगळा सांगणार नाही. शेवटच्या डावात आमची एक धाव जास्त होती, त्यांचे तीनातले दोन गडी बाद, तिन्ही बेस त्यांच्या माणसांनी भरलेले. आता फुकट बेस म्हणजे सगळे एकेक बेस पुढे, एक धाव, बरोबरी. समोर तोच दणकट बॅटवाला, ज्याला आणायला मी वही घेऊन भांडलो होतो. तीन चेंडू बाहेर गेले होते, दोन आत. पुढचा बाहेर गेला तर फुकट बेस, आत आला तर हाही बाद आणि सामना आमचा. बिरूने एकदा क्रेटकडे पाहिलं. मग मोज्याकडे. बॅटवाल्याकडे पाहिलंच नाही. मोजा वाजला. बॅटवाला बॅट खांद्यावर धरून तसाच उभा राहिला, आणि पंचाचा हात वर गेला.

साडेचारला सगळा क्लब बसच्या थांब्यावर उभा होता. कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे मामांना काही माहीत नव्हतं. ते सगळ्यांत शेवटी उतरले. आम्हाला पाहून थांबले. बिरूचा उजवा हात हातात घेतला, खांदा चाचपला, कोपर वाकवून पाहिलं.

"फुकट बेस किती?"

"एक," मी म्हणालो.

"एक तरी कशाला दिला?"

"अहो मामा, जिंकलो का ते तरी विचारा!"

"ते तुमच्या तोंडावर दिसतंय की," मामा म्हणाले आणि त्यांनी निघून गेलेल्या बसकडे तोंड फिरवलं. "बिरू, उद्या साडेचारला."

मैदान राहिलं. मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि मामींना घेऊन वैजापूरच्या पलीकडे गावी राहायला गेले. शेती करतात. फोन केला की पहिला प्रश्न असतो, "हात कसाय?" माझ्या तब्येतीची चौकशी नसते, हे मला आता कळतं.

यंदा गणपती गेले आणि बिरूसाठी पुन्हा निरोप आला. या वेळी एकाच्या बदल्यात तीन. कप्तानाने टपरीवर सगळ्यांना बोलावलं. "बिरूचं वय पण वाढतंय," तो म्हणाला. "तीन गडी मिळतायत. भाऊ, तुमची वही काय म्हणते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हातातला ग्लास उचलला आणि बाकावर पालथा घातला.

मामा आधी चहा संपवायचे, ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. माझा ग्लास भरलेला होता. गरम चहा बाकावरून धावत माझ्या मांडीवर आला, कुणीतरी हसलं, कप्तान फडकं घेऊन उठला.

"झालं," मी म्हणालो. मांडी भाजत होती, पण ग्लासावरची दोन बोटं मी काढली नाहीत.