झरोक्यावरचं प्लास्टिक

थंडी लागायच्या सुमारास सिमेंट कारखान्याच्या जामुल गावात घरोघरी एक काम निघतं. झरोके बुजवायचे. कुणी जुन्या साडीचे बोळे कोंबतं, कुणी पुठ्ठा ठोकतं. हवेतली सिमेंटची भुकटी डोळ्यांना दिसत नाही, पण सकाळी पुसलेल्या ताटावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. हे काम गल्लीत सगळ्यांत नीटस असे ते रत्नमाला मॅडमचं. जाड प्लास्टिक, चारी कडांना टेप, आणि तो टेप नखानं दाबून घेतलेला. शेजारणी बघून जात.

रत्नमालाचा जन्म डोंगरगडच्या रेल्वे क्वार्टरमधला. वडील नागपूरकडून येऊन या लाइनीवर नोकरीला लागलेले. आई, भागाबाई, कोळशाच्या सिगडीवर रांधायची. तिच्या पदराला कायम धुराचा वास, डोळ्यांत पाणी. खोकत खोकतच ती गेली. म्हणून लग्नानंतर जामुलच्या घरात पहिल्यांदा गॅस पेटवला, तेव्हा त्या निळ्या ज्योतीपुढे रत्नमाला दिवा लावल्यासारखी उभी राहिली होती. धूर नाही, राख नाही.

पुढे हुडको वसाहतीतल्या हिंदी शाळेत ती रसायनशास्त्र शिकवू लागली आणि अल्केनचा धडा तिचा लाडका झाला. कार्बनची सरळ साखळी, भोवती हायड्रोजन. एक कार्बन असला की मिथेन. तीन असले की प्रोपेन, चार असले की ब्युटेन, आणि हे दोघं आपल्या सिलिंडरमध्ये. "बड़े सीधे लोग हैं," ती मुलींना सांगे, "किसी से जल्दी उलझते नहीं. बस जलना जानते हैं." ऑक्सिजन पुरला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, नाही पुरला तर कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी. या ओळीखाली ती नेहमी रेघ मारी.

यंदा घरात गॅसचा गिझर आला. बसवणारा म्हणाला, बाहेरच्या भिंतीवर लावा. पण बाहेर बर्नरमध्ये भुकटी बसली की ज्योत बिघडते, हे मॅडमना ठाऊक. त्यांनीच तो न्हाणीघरात लावून घेतला. मग नळीच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून, नाक नेऊन पाहिलं.

"किती हुंगून राहिली वं?" तिचा नवरा प्रेमानंद हसला. "पोलिसाच्या कुत्र्यावाणी!"

"हसा तुमी. गळती असन तं वास येते. वास नाई, म्हंजे भेव नाई."

जानेवारीतली सकाळ. त्यांची कॉलेजातली मुलगी वैभवी डोकं धुवायला गेली होती. रत्नमाला पोळ्या लाटत होती.

"वैभवी, किती न्हाऊन राहिली वं? आज गोरी होऊनच निंगतं का?"

 आत नुसतं पाणी पडत होतं, एकसारखं, त्याच्या वाटेत कुणीच नसल्यासारखं. रत्नमालाच्या हातातलं लाटणं थांबलं.

प्रेमानंदनं खांदा मारून दाराची कडी तोडली. वाफेत वैभवी भिंतीला टेकून कलंडलेली होती. केसांत फेस तसाच. आणि गिझरच्या छोट्या काचेत ज्योत दिसत होती. पिवळी, लांबट, जिभेसारखी हलणारी. फळ्यावरची ती ओळ, खालच्या रेघेसकट, रत्नमालासमोर उभी राहिली. कसलाही वास नव्हता. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतोच.

पावर हाउसजवळच्या दवाखान्यात वैभवीला ऑक्सिजन लावला. तरुण डॉक्टरनं विचारलं, "गैस गीज़र? खिड़की?"

"बंद."

"थोड़ी और देर होती तो..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "आप क्या करती हैं, मैडम?"

"पढ़ाती हूँ."

"क्या?"

"हिंदी," रत्नमाला म्हणाली.

दुपारी वैभवीनं डोळे उघडले. "आई, मले इथं कावून आणलं? डोकं ठणकून राहिलं."  रत्नमालानं नुसता मुलीचा पाय धरून ठेवला.

गल्लीत तिनं सांगितलं, थंडीनं चक्कर आली. गिझर बाहेर हलवला, न्हाणीघराच्या झरोक्यावरचं प्लास्टिक दार लावून गुपचूप काढलं. 

"आता तो गॅस जाते कुठं?" वैभवीनं एकदा विचारलं.

"बाहेर."

"बाहेर म्हंजे कुठं?"

झरोक्यातून सिमेंट कारखान्याची धुराडी दिसत होती. निळी ज्योतसुद्धा कार्बन डायऑक्साइड सोडतच असते. तो वर साचतो, ऊब धरून ठेवतो. हे ती दोन मार्कांचा प्रश्न म्हणून शिकवत आली होती. आभाळाला तर तोडायला कडीही नाही, असं तिच्या मनात आलं.

पुढच्या आठवड्यात वर्गात पुन्हा अल्केन. ती ओळ लिहायला खडू उचलला आणि हात अडला. ती वळली. "गैस गीज़र किस-किसके घर है?"

बरेच हात वर झाले.

"और बाथरूम की खिड़की किसकी बंद है?"

हात खाली आले नाहीत. तिच्याच गल्लीतली सीमा कौतुकानं उभी राहिली. "मैडम, हमारी तो मम्मी ने आपका देखकर बंद की. बिल्कुल आपके जैसी, चारों तरफ़ टेप!"

रत्नमाला खडू हातात तसाच धरून व्हरांड्यात आली. सीमाच्या घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली. 

"हां, मॅडम?" पलीकडून सीमाची आई.

"न्हाणीघरातलं प्लास्टिक फाडा."

"अवं, पण धूळ येईन नं! किती मेहनतीनं लावलं."

"येऊ द्या धूळ. आमच्या वैभवीले चक्कर नोती आली. गिझरनं मरत होती ते, माह्या हातच्या प्लास्टिकनं. फाडा आधी. मी फोन धरून हाय."

 पलीकडून स्टूल सरकल्याचा आवाज आला, आणि मग टेप सुटत गेल्याचा, लांब, करकरीत.